पाऊस लागला की तिचं पोट दुखायचं

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदीचं पाणी वडोदरा शहरात शिरलं, तेव्हा ती सहावीत होती. घरात कमरेपर्यंत पाणी आलं. आई-बाबा, आजी आणि ती, चौघांनी दोन रात्री शेजाऱ्यांच्या माडीवर काढल्या. पाणी उतरलं, गाळ उपसला, शाळा उघडली, तीही आली. डबा खात होती, वह्या पूर्ण करत होती. घरच्यांना वाटलं, पोरगी सावरली. मग सप्टेंबरात एक जोराची सर आली आणि ती पोट धरून माझ्या खोलीत आली.

"बेन, पोटात कळ येतेय."

मी तिला बसवलं, पाणी दिलं. माझ्या प्रश्नांना ती उत्तरं देत होती, पण नजर खिडकीबाहेर, मैदानाच्या कडेच्या नालीकडे. "काय बघतेस गं?" म्हणून विचारलं, तर म्हणाली, "पाणी कुठवर आलंय ते."

वडोदऱ्यातल्या एका शाळेत मी समुपदेशक आहे. इथल्या रीतीप्रमाणे मुलं मला बेन म्हणतात, मराठी घरातलीसुद्धा. दांडियाबाजार, रावपुऱ्यातली आपली माणसं भेटली की एक प्रश्न हमखास येतो: "मुलांचं मानसिक आरोग्य, काउन्सेलिंग, हे नेमकं काय असतं हो? आमच्या वेळी तर नव्हतं." प्रश्न मनापासूनचा असतो आणि उत्तर उभ्याउभ्या देण्यासारखं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

पोट खरंच दुखतं

सुरुवात त्या पोटदुखीपासूनच करू, कारण मोठ्यांच्या तोंडी सगळ्यात आधी येणारं वाक्य असतं, "नाटकं करतेय." नाटक नसतं ते. आपल्या मेंदूत बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग असतो, अमिग्डला. त्याचं काम पहारेकऱ्याचं. धोका दिसला, किंवा धोक्याची आठवण करून देणारं काही दिसलं, की तो विचार करायला न थांबता घंटा वाजवतो. ॲड्रेनलिन हे संप्रेरक रक्तात सुटतं, छाती धडधडते, हातापायांच्या स्नायूंकडे रक्त वळतं, पचनाचं काम मागे पडतं. पोटात गोळा, मळमळ, कळ, ही सगळी त्याचीच लक्षणं. खरा पूर आला असेल तर ही घंटा जीव वाचवते. साध्या सरीलाही ती वाजत राहिली, तर मूल वर्गात बसून मनानं पुरात असतं. फळ्यावरचं काहीच डोक्यात शिरत नाही.

वाढत्या वयात यात आणखी एक अडचण असते. घंटा ऐकून "थांब, नीट बघू, खरंच धोका आहे का" असं म्हणणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण पिकायला साधारण विशीचा मध्य उजाडतो. भावना जोरात असतात आणि लगाम अजून तयार व्हायचा असतो. तेरा-चौदा वर्षांचं मूल क्षुल्लक कारणावरून दार आपटतं, तेव्हा त्यामागे उद्धटपणापेक्षा हे जास्त असतं.

त्या मुलीच्या आजी दुसऱ्या दिवशी भेटायला आल्या. म्हणाल्या, "पाऊस असेल त्या दिवशी मी तिला घरीच ठेवत जाईन. माझ्याजवळ शांत असते." माया होती त्यात, आणि तरीही मला नाही म्हणावं लागलं. भीतीचा स्वभाव असा की टाळलं की ती वाढते. पावसात घरी राहिलं की त्या क्षणी बरं वाटतं, आणि मेंदू शिकतो की शाळा धोक्याची होती, बरं झालं गेलो नाही. पुढच्या वेळी ढग आले तरी पुरे होतं.

मग आम्ही तिघींनी मिळून एक ठरवलं. पावसात शाळेत यायचं. मोठ्या सुट्टीत ऑफिसातून घरी एक फोन करायचा, एकच. नालीजवळच्या भिंतीवर विटांचे थर दिसतात, त्यातल्या तिसऱ्या विटेवर तिनं स्वतः खूण केली: पाणी इथवर आलं तर वर्गशिक्षिका तिच्या घरी कळवतील आणि घरचे तिला न्यायला येतील. वर्गशिक्षिकांनी तिच्यासमोर हो म्हटलं. पहिल्या आठवड्यात ती रोज त्या भिंतीशी जायची. नवरात्रीपर्यंत दिवसाआड झालं. दिवाळीच्या सुट्टीआधी तिनं मला सांगितलं की फोन करायचा विसरलीच. मनोविकाराच्या उपचारात याच रीतीला भीतीच्या गोष्टीला थोडंथोडं, सुरक्षितपणे सामोरं जाणं म्हणतात. तज्ज्ञ ते जास्त पद्धतशीरपणे करतात. शाळेत एवढ्यानंही बरंच काही होतं.

उभारी

इंग्रजीतल्या 'रेझिलियन्स' या शब्दाला कोणी लवचीकता म्हणतं, कोणी चिवटपणा. मला 'उभारी' हा शब्द जवळचा वाटतो, कारण उभारी धरता येते तशी देताही येते. या सगळ्या विषयात मला काही सांगायचं असेल तर ते इथेच आहे.

हवाई बेटांपैकी कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या दोन अभ्यासकांनी अनेक दशकं पाठपुरावा केला. त्यातली काही मुलं अतिशय कठीण घरांतली होती: गरिबी, कलह, आई किंवा वडिलांचा मानसिक आजार, दारू. अशा मुलांपैकी जवळजवळ एक तृतीयांश मुलं पुढे नीट उभी राहिली, कामाला लागली, माया करणारी माणसं झाली. त्यांच्यात काय वेगळं होतं? काहींचा स्वभाव मनमिळाऊ होता, काहींच्या हातात एखादी कला होती. पण पुन्हा पुन्हा दिसलं ते हे की प्रत्येकाजवळ निदान एक तरी खात्रीचं मोठं माणूस होतं. आजी, मावशी, शेजारीण, नाहीतर शाळेतले एखादे शिक्षक.

म्हणून "मुलांना खंबीर बनवा" एवढंच कोणी म्हणालं की मला काळजी वाटते. वर्गात एखाद्याला रोज चिडवतात आणि आपण त्यालाच खंबीर व्हायला शिकवतो, ही उभारी नव्हे. ते सोसणं झालं. आधी चिडवणं थांबवायचं. ते काम मोठ्यांचं आहे.

हे शाळेतच का, असंही विचारतात. कारण सगळी मुलं येतात अशी दुसरी जागा नाही. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये सगळ्या बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. दवाखान्यात ज्याला कोणी नेतं तेच मूल पोचतं. शाळेत न बोलणारं, न रडणारं, कोणाच्या लक्षात न येणारं मूलही रोज साडेसातला हजर असतं.

टेन्शन कुठे संपतं, आजार कुठे सुरू होतो

परीक्षेआधी पोटात फुलपाखरं उडणं, मैत्रीण रुसली म्हणून दोन दिवस जेवण न जाणं, निकालानंतर रडणं, हा आजार नाही. थोडा ताण तर उपयोगी असतो, त्याशिवाय कोणी पुस्तक उघडणार नाही. मी तीन गोष्टी बघते. किती दिवस चाललंय? दोन आठवड्यांच्या वर, जवळजवळ रोज, असेल तर लक्ष द्यायला हवं. त्रास केवढा आहे? आणि त्यामुळे रोजचं काही अडतंय का: झोप, जेवण, अभ्यास, खेळ, मित्र?

मोठ्या माणसाचं नैराश्य उदास दिसतं. मुलांमध्ये ते पुष्कळदा चिडचिडीच्या रूपात येतं. डोकं दुखतं, पोट दुखतं, डबा तसाच परत येतो, आवडता खेळ सुटतो, मार्क एकदम घसरतात. "उद्धट झालाय" अशी तक्रार घेऊन येणाऱ्या पालकांना मी आधी झोपेबद्दल विचारते. या वयात झोपेचं घड्याळ आपोआप पुढे सरकतं, रात्री लवकर डोळा लागत नाही, आणि गरज मात्र आठ ते दहा तासांची असते. रात्री नऊपर्यंत ट्यूशन, मग गृहपाठ, मग मोबाइल, आणि पहाटे सहाला उठणं. एवढ्या कमी झोपेवर कुठल्याही मुलाचं मन थाऱ्यावर राहणार नाही.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळला. म्हणजे पन्नासच्या वर्गात तीन-चार मुलं. जागतिक आरोग्य संघटनेचा जगाचा अंदाज याहून मोठा आहे, १० ते १९ वयातल्या दर सातांत एक. वर्ग शिकवणाऱ्या प्रत्येकाच्या समोर ही मुलं बसलेली आहेत, एवढं लक्षात ठेवलं तरी बोलण्याचा सूर बदलतो.

शाळेत काय केल्यानं फरक पडतो

पोस्टर, एखादं व्याख्यान, 'मानसिक आरोग्य दिन' साजरा करणं, यानं फारसं काही होत नाही. कशानं होतं, याचे चांगले पुरावे आता आपल्या देशातलेच आहेत.

बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ सरकारी माध्यमिक शाळांमध्ये गोव्याच्या 'संगथ' संस्थेनं 'सेहर' नावाचा प्रयोग केला. निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. काही शाळांत त्यासाठीच नेमलेला, थोडं प्रशिक्षण दिलेला एक तरुण किंवा तरुणी होती. मानसशास्त्राची पदवी नसलेली साधी माणसं. प्रार्थनेच्या वेळी ते विषय मांडायचे, मनातलं लिहून टाकायला एक पेटी ठेवायचे, भित्तिपत्रक चालवायचे आणि ज्याला गरज आहे त्याच्याशी एकटं बसून बोलायचे. दुसऱ्या काही शाळांत हेच काम तिथल्या शिक्षकांकडे दिलं. नेमलेल्या माणसांच्या शाळांत वातावरण सुधारलं, मुलांमधली उदासी कमी झाली, दादागिरी कमी झाली. शिक्षकांकडे दिलेल्या शाळांत तसा फरक दिसला नाही.

हे वाचून शिक्षकांना दोष देऊ नका, मी रोज त्यांच्यामध्ये वावरते. पाच तास शिकवायचं, पेपर तपासायचे, सरकारी कामं करायची, त्यात हे. शिवाय जो मार्क देतो त्याच्याजवळ मूल मन मोकळं कसं करेल? माझं मत स्पष्ट आहे: या कामाला वेगळं माणूस हवं, वर्गशिक्षकांनी ओळखायचं आणि त्या माणसापर्यंत पोचवायचं. सर्वोच्च न्यायालयानं २५ जुलै २०२५ च्या निकालात हेच सांगितलं आहे. १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण मिळावं, हेल्पलाइनचे नंबर दिसतील असे लावावेत. त्यातलाच एक मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो: मार्कांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत आणि चारचौघांत त्यांना लाज आणू नये. याला पैसे लागत नाहीत. उद्यापासून वर्गात मार्क मोठ्यानं वाचून न दाखवता पेपर उलटा ठेवून हातात द्यायचा, झालं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानंही मारण्याबरोबर मानसिक छळाला मनाई केलेली आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

एकटं बसून बोलणं म्हणजे काय, तेही सांगते. दिल्लीच्या सरकारी शाळांमधल्या एका प्रयोगात तीन आठवड्यांत चार-पाच छोट्या बैठका घेऊन मुलांना अडचण सोडवायची एक साधी रीत शिकवली. अडचण नेमकी शब्दांत मांडायची, पर्याय काढायचे, एक करून बघायचा. नुसत्या पुस्तिका वाचायला दिलेल्या मुलांपेक्षा या मुलांना स्वतःच्या अडचणींत जास्त आराम पडला. मी हीच रीत वापरते. मागे नववीतला एक मुलगा आला, म्हणाला, "सगळंच टेन्शन आहे." मी कागद पुढे केला. 'सगळंच' मधून चार ओळी निघाल्या: गणिताची टेस्ट, घरी दादाशी तुलना, मित्रांनी व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं, रात्री झोप येत नाही. "आज यातलं कुठलं उचलायचं?" त्यानं गणित उचललं. पर्याय त्यानंच सांगितले: मित्राला विचारणं, ट्यूशन बदलणं, शाळेतल्या सरांना विचारणं. सरांची भीती वाटत होती, म्हणून वाक्य आम्ही इथेच म्हणून पाहिलं, "सर, समीकरणात मला कुठल्या पायरीपासून कळत नाही ते दाखवू का?" तीनदा म्हटलं. मंगळवारी जायचं ठरलं होतं, गेला गुरुवारी. सरांनी मधल्या सुट्टीत पंधरा मिनिटं दिली. दादाशी तुलना अजून चालूच आहे, त्यासाठी त्याच्या वडिलांशी बोलणं सुरू आहे. पण त्या कागदावरची एक ओळ त्यानं स्वतः खोडली होती आणि कागद खिशात घालून नेला.

परदेशातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. युरोपातल्या १० देशांत, १६८ शाळांतल्या ११,११० मुलांबरोबर झालेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मुलांनी नाट्यप्रसंग करून एकमेकांशी मनाबद्दल बोलण्याच्या पाच तासांच्या कार्यक्रमानंतर वर्षभरात आत्महत्येचे प्रयत्न जवळपास निम्म्यानं कमी दिसले. आणि ब्रिटनमधल्या ८५ शाळांत सगळ्यांना सरसकट माइंडफुलनेस, म्हणजे शांत बसून श्वासाकडे आणि आत्ताच्या क्षणाकडे लक्ष देणं, शिकवून मात्र काही खास फायदा झाला नाही. डोळे मिटून बसवलं की काम झालं, असं समजणाऱ्या शाळांनी हे लक्षात घ्यावं.

मरणाबद्दल बोलायचं असतं तेव्हा

१८ जानेवारी २०२४ ला हरणी तळ्यात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. त्या आठवड्यात वडोदऱ्यातल्या प्रत्येक शाळेत मुलं प्रश्न विचारत होती, आणि मोठी माणसं विषय बदलत होती. मला कळतं का ते. स्वतःचेच डोळे भरून येतात. पण मुलाला गप्प केलं की ते एकटं पडतं. लहानांशीही खरे शब्द वापरावेत, 'झोपली' म्हणू नये, मग त्यांना झोपेची भीती बसते. एकच प्रश्न दहादा विचारला तर दहादा उत्तर द्यावं. रोजचं वेळापत्रक शक्य तेवढं तसंच ठेवावं. आणि मुलाला सगळं सांगून टाक म्हणून बळजबरी करू नये. धक्क्यानंतर लगेच एका बैठकीत सगळं बोलायला लावल्यानं फायदा होत नाही, काहींना उलट त्रास होतो. पाहा, ऐका, योग्य माणसाशी जोडून द्या, एवढंच जागतिक आरोग्य संघटनेचं मानसिक प्रथमोपचाराचं सूत्र आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. एखादं मूल "मी नसतो तर बरं झालं असतं" असं काही बोललं, आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागलं, किंवा तुम्हाला आतून शंका आली, तर सरळ विचारा, "तुला मरावंसं वाटतं का?" विचारल्यानं डोक्यात नसलेली गोष्ट शिरते, हा समज चुकीचा आहे. विचारल्यानं मुलाला सुटल्यासारखं होतं. उत्तर हो असेल तर ओरडू नका, शपथा घालू नका. त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. वडोदऱ्यात सयाजी हॉस्पिटलमध्ये मनोविकार विभाग आहे, कारेलीबागेत सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठी-गुजरातीतही बोलता येतं. अत्याचाराचा किंवा घरातल्या धोक्याचा संशय असेल तर चाइल्डलाइन १०९८.

एका वडिलांनी मला हळू आवाजात विचारलं होतं, "बेन, डॉक्टरकडे नेलं तर पोलिसांचं लचांड मागे लागेल का?" नाही लागणार. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरतात, तिच्यावर खटला चालवायचा नसतो. भीतीपोटी उपचार लांबवू नका, कळकळीनं सांगते.

मुलं मला पहिल्याच भेटीत विचारतात, "तुम्ही मम्मीला सांगणार का?" मी खरं तेच सांगते. तू बोललेलं इथेच राहील. तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, किंवा तुला कोणी वाईट रीतीनं हात लावत असेल, तर मात्र मला सांगावंच लागतं. लैंगिक अत्याचार कळवणं पोक्सो कायद्यानं बंधनकारक आहे. सांगायच्या आधी मी तुला सांगेन. असं आधीच बोललं की बहुतेक मुलं थांबतात, उठून जात नाहीत.

शेवटी खोलीबद्दल. माझी खोली आधी मुख्याध्यापकांच्या ऑफिसशेजारी होती. कोण आत जातं ते सगळ्या शाळेला दिसायचं, आणि आठवड्यातून जेमतेम दोन-तीन मुलं यायची. ती लायब्ररीच्या मागे हलवून घेतली. आता हातात पुस्तक असलं की झालं, कोणी काही विचारत नाही. विटेवर खूण करणारी ती मुलगीही अधूनमधून येते, आणि तिच्या हातातलं पुस्तक मात्र ती खरंच वाचून झाल्यावर परत करायला आलेली असते.